आबांच्या नावावर एक शब्द

मी लातूरला इंग्रजीचे शब्द शिकवतो. व्याकरणाचे सर वेगळे आहेत, उतारे सोडवून घेणाऱ्या मॅडम वेगळ्या. माझ्याकडे फक्त शब्द. लॉची एंट्रन्स, एनडीए, बँकेच्या परीक्षा देणारी पोरं सकाळच्या बॅचला येतात आणि रोज काही अवघड शब्द वहीत उतरवून घेऊन जातात. बहुतेक पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. औसा, निलंगा, उदगीर, तिकडून थेट हदगावपर्यंतची. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण पेपरात एखादा जड शब्द आला की ती तिथंच थांबतात, आणि एका शब्दापायी सगळा प्रश्न जातो. तो शब्द त्यांच्या डोक्यात बसवून द्यायचा, हे माझं काम.

पहिल्या वर्षी मी ते काम डिक्शनरीसारखं केलं. शब्द, अर्थ, समानार्थी, विरुद्धार्थी, एक वाक्य. पोरं लिहून घ्यायची आणि पुढच्या आठवड्यात कोरी व्हायची. एका सकाळी 'गॅर्युलस' हा शब्द होता, म्हणजे अती बोलणारा. मला काय सुचलं कोण जाणे, मी खडू खाली ठेवला आणि माझ्या आत्याची गोष्ट सांगितली. आत्या कंधारच्या बसमध्ये बसली की शेजारच्या बाईला स्वतःच्या लग्नापासून सुरुवात करते, आणि नांदेड आलं तरी तिची सासू अजून मेलेली नसते. गिरणी कशी गर्र गर्र चालते, तशी आत्या. गर्र म्हणजे गॅर्युलस. वर्ग हसून लोटपोट झाला. शनिवारच्या टेस्टमध्ये तो शब्द कोणाचाच चुकला नाही.

मग मला चटकच लागली. फोनवरच्या लॉटरीवाल्याला बळी पडलेला आमचा शेजारी 'गलिबल' झाला. दुपारी लिंबाखाली आडवा झालेला चुलतभाऊ दिवेलागणीलाच उठायचा, तो 'लेथार्जिक', कारण लेटून राहायची ज्याला मर्जी. पंगतीत दुसऱ्याच्या पत्रावळीकडे बघून जेवणारे एक काका, किरकोळ कारणावरून भावाशी बोलणं टाकलेली एक काकू, असं माझ्या गावातलं एकेक माणूस मी लातूरच्या फळ्यासमोर आणून उभं केलं. गाव कंधार तालुक्यातलं, लहान. तिथल्या कोणाला इथलं कळायचा प्रश्न नव्हता.

पोरं दुसऱ्या बॅचमधून उठून माझ्या बॅचला येऊन बसायला लागली. क्लासचे मालक खूश होते. "सर, तुमचे शब्द पोरांच्या जिभेवर राहून राहिलेत," असं ते म्हणाले तेव्हा मलाही वाटलं की मी काहीतरी नवीन शोधून काढलंय. आपल्या मातीतून इंग्रजी शिकवतो, असं मी एका पालकसभेत म्हणालोही. टाळ्या पडल्या.

'ऑब्सिक्विअस' हा शब्द आला तेव्हा त्याच्यासाठी माणूस आठवायला मला फार वेळ लागला नाही.

मी दहावी झालो तेव्हा नांदेडच्या एका कॉलेजात अकरावीला माझं नाव लागलं होतं. शाळेतून दाखला मिळायला उशीर झाला आणि आबा, म्हणजे माझे वडील, आणि मी ऑफिसात पोचलो तेव्हा मुदत संपून गेली होती. खिडकीतल्या क्लार्कनं मान वर न करता सांगितलं, "संपलं. जावा आता."

आबा गावात कोणापुढं वाकणारे नव्हते. आमची शेती स्वतःची, सोयाबीन आणि तुरीची. कोणाच्या बांधावरून वाद निघाला तर लोक आबांना बोलवायचे. त्यांचा आवाज वेशीपाशी सुरू झाला की शाळेपर्यंत ऐकू यायचा. पण ऑफिसच्या पायऱ्या चढल्या की त्यांचं काहीतरी व्हायचं. खांदे पुढं यायचे, आवाज बारीक व्हायचा. त्या दिवशी त्यांनी क्लार्कला साहेब म्हटलं, शिपायाला साहेब म्हटलं, खिशाला पेन लावून उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्यालाही साहेब म्हटलं. बाहेर जाऊन गाड्यावरून अर्धापूरची केळी आणली आणि टेबलावर ठेवली. क्लार्क म्हणाला, "हे काय? उचला आधी." आबांनी केळी उचलली आणि तशीच हात जोडून शिपायाला दिली. जेवणाच्या सुट्टीनंतर क्लार्क परत आला तेव्हा आबांनी पुढं होऊन खांद्यावरच्या दस्तीनं त्याची खुर्ची पुसली. त्याला ते आवडलं नाही असं मला वाटलं, पण तो बसला. ऑफिस बंद व्हायच्या वेळेला त्यानं माझा फॉर्म मागून घेतला.

हे सगळं होत होतं तेव्हा मी त्यांच्याजवळ नव्हतो. मी नोटीस बोर्डासमोर जाऊन उभा राहिलो होतो आणि एकच नोटीस परत परत वाचत होतो, तरी सगळं दिसत होतं.

लातूरच्या वर्गात मी हे सांगितलं. फक्त सांगितलं असतं तर वेगळं. मी आबांसारखा वाकलो, हात जोडले, त्यांचा तो बारीक आवाज काढला. "साहेब, लेकराचं बगा की वो." केळ्यांचं सांगितलं. आणि खुर्चीच्या जागी मी बूट केले. "माझ्या वडिलांनी खांद्यावरची दस्ती काढली, खाली बसले, आणि साहेबांचे बूट पुसले," मी म्हणालो, "आणि साहेबांनी दुसरा पाय पुढं केला." वर्गात हशा फुटला. मागच्या बाकावरचा एक जण हसताना खाली घसरला. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात शब्द लिहिला आणि म्हणालो, "ऑब्सिक्विअस. लाळघोट्या. आता विसराल?"

तास संपल्यावर दोघं-तिघं येऊन म्हणाले, "सर, तुम्ही किती मोकळेपणानं सांगता. स्वतःच्या वडिलांचंसुद्धा." मी हसलो आणि डस्टर हातावर आपटून खडूची धूळ झाडली. त्यांना तो मोठेपणा वाटला, आणि मी वाटू दिला.

पुढं तो वर्गातला खेळच झाला. कोणी उशिरा आलं की दारात वाकून हात जोडायचं, "साहेब, लेकराचं बगा की वो." सगळे एका सुरात म्हणायचे, "ऑब्सिक्विअस!" मी हसून आत घ्यायचो.

जानेवारीत आबा लातूरला आले. कोणाच्या तरी लग्नाला आले होते आणि सकाळी परस्पर क्लासवर आले. फोन केला नाही, कारण मला चकित करायचं होतं. हातात ढाळ्यांची जुडी, शेतातला हिरवा हरभरा, मुळांना माती तशीच. त्यांनी चपला बाहेर काढल्या, दारावरच्या वॉचमनला हात जोडून "नमस्कार साहेब" म्हणाले, आणि त्यानं दाखवलेल्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले.

मी फळ्याकडं तोंड करून लिहीत होतो. मागं शांतता झाली म्हणून वळलो.

आबा वर्गाकडं बघत होते. एवढी पोरं, बाकं गच्च भरलेली, आणि समोर त्यांचा मुलगा. त्यांचे डोळे मोठे झाले होते. त्यांनी जुडी काखेत धरली आणि सगळ्या वर्गाला हात जोडले. थोडे वाकले.

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "ऑब्सिक्विअस."

आधी दोन-चार जण हसले, मग हसू बाकांवरून पुढं पुढं येत गेलं. कोणीतरी ओरडलं, "आबा!" पोरं उभी राहिली, काही जणांनी टाळ्या वाजवल्या. वाईट पोरं नव्हती ती. त्यांना आबा माहीत होते, ती त्यांना कधीपासून भेटायचं म्हणत होती. आणि आबांना वाटलं, हे आपलं स्वागत आहे. तेही हसायला लागले. त्यांनी उजवीकडं हात जोडले, डावीकडं जोडले, आणि प्रत्येक वेळी हसू वाढत गेलं.

"हे माझे वडील," मी म्हणालो.

एक जण मोबाइल घेऊन पुढं आला. "आबा, एक सेल्फी." आबांनी दस्ती नीट केली, त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्या फोटोत मी मागं आहे, फळ्यापाशी. तो फोटो मी नंतर पाहिला आणि परत कधी उघडला नाही.

दुपारी आम्ही खाणावळीत जेवायला बसलो. आबांची कळी खुलली होती. वरण भातावर ओतता ओतता त्यांनी विचारलं, "ते पोरं काय म्हणून राहिले होते रे? ऑप... अबसी..."

"ऑब्सिक्विअस."

"हाव, तेच. म्हंजी काय?"

माझ्या तोंडात घास होता. तो गिळायला लागला तेवढाच वेळ माझ्याकडं होता. मी म्हणालो, "म्हणजे नम्र. अदबीनं वागणारा माणूस."

"अदब," आबा म्हणाले. तो शब्द त्यांना आवडायचा, त्यांच्या वडिलांच्या तोंडचा होता. "आन् ते माज्याबद्दल म्हणले?"

"मी सांगितलं होतं त्यांना तुमच्याबद्दल."

"काय सांगितलं?"

"नांदेडचं. ॲडमिशनचं."

आबांचा हात ताटातच थांबला. मग म्हणाले, "तुला ध्यानात हाय व्हय ते? मला वाटायचं, तुला लई लाज वाटली आसंल तवा. तू बोर्डापाशी जाऊन उभा राहिला होता." आणि खाली बघून भात कालवत म्हणाले, "बरं झालं. म्हंजी तुला तसं वाटलं न्हाई."

मी पाणी प्यायलो. त्या वेळी सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते इतके आनंदात होते, आणि खरं सांगायचं तर मी इतका घाबरलो होतो, की मी त्यांना आणखी एक पोळी घ्या म्हणालो.

स्टँडवर बस लागेपर्यंत त्यांनी तो शब्द पाठ केला. मी दोनदा दुरुस्त केला, मग सोडून दिलं. त्यांच्या तोंडात तो अबसीकीस असा बसला.

आठवड्यानं आईचा फोन आला. "काय शिकवलंस रे त्यांना? येईल त्याला सांगून राहिलेत." आबांनी तो शब्द गावभर नेला होता. चहाच्या हॉटेलात, पारावर, सोसायटीत. लातूरच्या शिकलेल्या पोरांनी मला पदवी दिली, असं सांगायचे. कंधारच्या बँकेत नवा अधिकारी आला होता, त्यालाही सांगितलं, "साहेब, मी अबसीकीस मानूस हाय." तो हसला आणि बसायला खुर्ची दिली. आबा मला फोनवर म्हणाले, "इंग्रजीचं कसं वजन पडतं बघ. पहिल्यांदा बसा म्हणला कुणी त्या बँकेत."

मी म्हणालो, "हो आबा." प्रत्येक फोनच्या आधी मी ठरवायचो, आज सांगायचं. आणि प्रत्येक फोन पाऊसपाण्यावर, तुरीच्या भावावर संपायचा.

वर्गात तो खेळ मी बंद करायचा प्रयत्न केला. "बास झालं आता ते," मी एकदा रागावून म्हणालो. पोरं गप्प झाली, आणि मी खाली बघितलं की परत हसली. त्यांना वाटलं, सर चिडले की आणखी मजा येते.

माझ्या बॅचला आमच्याच गावची एक मुलगी होती. लॉची तयारी करत होती, होस्टेलवर राहायची. गावात ती मला दादा म्हणायची, क्लासमध्ये सर. माझ्या गोष्टींना सगळे हसायचे तेव्हा ती वहीत काहीतरी लिहीत असायची. मला वाटायचं, हिला विनोद कळत नाही. आबा आले त्या दिवशीही ती तिसऱ्या बाकावर होती. फेब्रुवारीच्या शेवटी ती गावाकडून परत आली आणि तास संपल्यावर सगळे जाईपर्यंत थांबून राहिली.

"दादा," ती म्हणाली. क्लासमध्ये पहिल्यांदाच. "आबा आमच्या घरी आले होते. बाबांना तो शब्द सांगितला. मग मला म्हणले, पोरी, तू तर क्लासलाच हायस, तू सांग यांना अर्थ."

मी टेबलावरचे खडू डब्यात भरायला लागलो.

"मी सांगितला. नम्र म्हणून. ते तेच म्हणून राहिले होते, मग मी काय सांगणार? तुमच्यामुळं मला माझ्या बाबांसमोर खोटं बोलावं लागलं."

"मी सांगणार आहे त्यांना," मी म्हणालो.

"आणि आत्याबाईंचं पण सांगत जाऊ नका वर्गात. त्या माझ्या आईच्या मावशी लागतात. मी रोज ऐकते इथं बसून." तिचा आवाज चढला नव्हता. तिनं बॅग खांद्याला लावली. "मला माहीत आहे तुम्ही शिकवायला करता. पण होस्टेलवरच्या मुली मला विचारतात, तुमच्या गावात सगळे असेच आहेत का?"

ती गेल्यावर मी रिकाम्या वर्गात उभा होतो. फळ्यावर त्या दिवसाचे शब्द होते. प्रत्येक शब्दाशेजारी माझ्या गावातलं एक माणूस उभं होतं, मला ते दिसत होतं. मी तो फळा पुसला. दुसऱ्या दिवसापासून मी गोष्टी कमी केल्या, पण गावी गेलो नाही. परीक्षा जवळ आल्यात, सुट्टी मिळत नाही, असं आईला सांगत राहिलो.

शेवटी एक मे आला. गावच्या शाळेत झेंडावंदन आणि निकाल असतो. त्या वर्षी शाळेनं माझा सत्कार ठेवला होता. गावचा मुलगा, लातूरला नाव काढलं, इंग्रजी शिकवतो. नाही म्हणायला तोंड नव्हतं. कार्यक्रम झाला की संध्याकाळी आबांना सांगायचं, असं ठरवून मी गेलो.

स्टेजवर शाल, नारळ झालं. मग शाळेच्या मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "आता सरांच्या वडिलांनी दोन शब्द बोलावेत." मी आबांकडं बघितलं. ते आधीच उठले होते. नवा सदरा होता, कडक इस्त्रीचा. माइकसमोर उभे राहिले तेव्हा त्यांचे खांदे पुढं नव्हते. इथं ते गावातले आबा होते, तोच आवाज.

"मी सातवी शिकलेला मानूस," ते म्हणाले. "ऑफिसात गेलो की माजी बोबडी वळती, हे समद्यांना माहीत हाय. मला वाटायचं, पोराला आपली लाज वाटत आसंल. पण ह्यानं माजं नाव लातूरच्या पोरांना सांगितलं. त्या पोरांनी मला इंग्रजीत एक नाव दिलं." ते थांबले. त्यांनी मनात एकदा म्हणून बघितलं असावं. "अबसीकीस. म्हंजी अदबीचा मानूस. मला आयुष्यात कुणी आसं नाव दिलं न्हवतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या. शाळेत इंग्रजी शिकवणारे एक तरुण सर होते, ते माझ्याकडं बघत होते. मुख्याध्यापक बाईंनी समोरच्या गुच्छाची पानं सारखी करायला घेतली. त्यांनाही कळलं होतं. शेवटच्या रांगेत ती मुलगी बसली होती, ती उठून निघून गेली. कोणी हसलं नाही. मला वाटतं, कोणी हसलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळची वाट बघितली नाही. घरी आलो, आबा अंगणातल्या हौदावर हातपाय धूत होते. शाल अजून माझ्याच हातात होती.

"आबा, त्या शब्दाचा अर्थ मी खोटा सांगितला."

त्यांनी तोंडावर पाणी मारलं. "कोन्त्या?"

"ऑब्सिक्विअस."

"मग खरा काय हाय?"

मला शब्द सापडेना. वर्गात लाळघोट्या म्हणालो होतो, खणखणीत आवाजात. ते आता तोंडातून निघेना. मी म्हणालो, "लाचारीनं पुढं पुढं करणारा."

आबा उभे राहिले. पाणी त्यांच्या हनुवटीवरून सदऱ्यावर गळत होतं. "म्हनून हसले ते पोरं."

"हाव."

"तू काय सांगितलं होतं त्यांना?"

मी सगळं सांगितलं. केळी, साहेब साहेब, त्यांचा आवाज काढला ते. बुटाचंही सांगितलं, कारण आता काही ठेवायचं नव्हतं.

"बूट?" आबा म्हणाले. "बूट न्हाई पुसले म्या. खुर्ची पुसली होती."

"माहीत आहे."

"मग बूट कशाला सांगितलं?"

"पोरांनी हसावं म्हणून."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. ती तशीच आत गेली. आबांनी दस्तीनं तोंड पुसलं, मग हात, मग परत तोंड. रागावतील असं मला वाटलं होतं. त्यासाठी मी तयार होतो. पण त्यांनी, वाटेवरच्या माणसाला रस्ता विचारावा तसं, मला विचारलं, "मग काय करायला पाहिजे होतं म्या तिथं?"

मी हातातली शाल घडी करायला लागलो.

"न्हाई, सांग ना. तू शिकलेला हायस. मला खरंच म्हाईत न्हाई. तारीख गेली होती. वळख न्हवती. कसं बोलायचं आसतं मग आशा ठिकाणी?"

मी त्यानंतर कितीतरी ऑफिसांत गेलोय, मुदत संपल्यावरही गेलोय, आणि काय बोललो ते आठवून बघितलंय. उत्तर म्हणून सांगण्यासारखं त्यात काही नाही.

"लेकरू हायस," आबा म्हणाले, आणि शेताकडं गेले. ऊन होतं. एवढ्या उन्हात शेतात काही काम नव्हतं.

मला वाटलं होतं, ते माझ्याशी बोलणं टाकतील. त्यांनी टाकलं नाही. रात्री जेवताना लातूरच्या पाण्याचं विचारलं, सकाळी बसला सोडायला आले. आणि बसस्टॉपवर एक गोष्ट झाली. समोरून सोसायटीचे चेअरमन गाडीवर आले आणि ओरडले, "काय आबा, अबसीकीस! काल लई भारी बोलले!" आबांनी हात वर केला आणि हसले. "हाव, हाव," म्हणाले. गाडी गेल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "आसू दे. त्यांना कशाला सांगायचं?"

अजून ते कोणाला सांगितलेलं नाही. गावात लोक अजून त्यांना कौतुकानं त्या नावानं हाक मारतात. ज्याचा अर्थ त्यांना आता नीट माहीत आहे, त्या नावाला ते हसून ओ देतात. नको म्हटलं तर अर्थ सांगावा लागेल, आणि अर्थ सांगितला तर तो कोणी दिला हेही सांगावं लागेल. कंधारच्या बँकेत मात्र आता ते जात नाहीत, आईला पाठवतात. हे मला आईनं सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर.

त्या पावसाळ्यात मी वर्गातल्या सगळ्या गोष्टी बंद केल्या. पोरांना आवडलं नाही. काही जण दुसऱ्या क्लासला गेले. मालकांनी बोलावून विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना?" मी म्हणालो, बरी आहे. ती मुलगी लॉला लागली, नांदेडलाच. पेढे द्यायला आली तेव्हा मला सर म्हणाली. मी दादा म्हण असं म्हणू शकलो नाही.

तो शब्दही मी शिकवणं सोडून दिलं होतं. यादीत आला की पुढच्या शब्दावर जायचो. दिवाळीला घरी होतो, तेव्हा आबांनी आपणहून विषय काढला. आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो.

"तो शब्द शिकवतो का आता?"

"नाही."

"का? परीक्षेला येत न्हाई?"

"येतो कधी कधी."

"मग शिकव की. पोरांचे मार्क जातेल."

"आबा, मला..."

"माजं सांगू नको," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "पण दुसऱ्या कुणाच्या बापाचंबी सांगू नको."

सुट्टी संपल्यावर मी तो शब्द घेतला. फळ्यावर लिहिला, खाली अर्थ लिहिला, डिक्शनरीतलं वाक्य लिहिलं. नवी बॅच होती, त्यांना जुनं काही माहीत नव्हतं. पण क्लासची ख्याती त्यांच्यापर्यंत पोचली होती. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"सर, याची स्टोरी?"

"याला स्टोरी नाही," मी म्हणालो. "लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. शनिवारी टेस्ट झाली. निम्म्या वर्गानं तो शब्द चुकवला. मी पेपर तपासले, प्रत्येकाच्या पुढं बरोबर अर्थ लाल शाईनं लिहिला, आणि सोमवारी तो शब्द परत घेतला.